स्की न करणाऱ्या माणसापासून सुरुवात करा : नागपूरच्या कुटुंबाने परदेशी स्की रिसॉर्ट कसं निवडावं

आमच्या घरात स्कीइंगला परदेशी जायचं ठरलं ते कोजागिरीच्या रात्री, गच्चीवर, दूध आटत असताना. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, मोबाईलवर एक व्हिडिओ फिरवला. पंधरा वर्षांच्या माझ्या मुलाने तो पाहून "आपण जाऊन राहिलो बस" असं जाहीरच करून टाकलं. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "काऊन बाप्पा, एवढे पैसे देऊन पडाले जायचं का?"

त्या डिसेंबरात आम्ही सात जण जॉर्जियातल्या गुडाउरीला गेलो. ठिकाण भाऊजींनी निवडलं आणि त्यांचे निकष दोनच होते : डोंगर किती उंच आणि उतार किती किलोमीटरचे. भाऊजी मॅरेथॉन धावणारे, त्यांचा आठवडा मजेत गेला. तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं आणि दोन दिवस हललं नाही. गुडाउरीचे उतार झाडांच्या रेषेच्या वर आहेत. झाडच नाही म्हटल्यावर धुक्यात नजरेला धरायला काही उरत नाही, वर-खाली कळत नाही. सासूबाई खिडकीशी खुर्ची ओढून विणकाम करत होत्या. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "बाहेर कोणी पांढरी चादर वाळत घातली अन् मी तिच्याकडे पाहून राहिली दिवसभर." हॉटेलच्या जाहिरातीत "लिफ्टपासून पाच मिनिटं" असं होतं. लिफ्ट म्हणजे स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारा रोप-वे, आणि ती पाच मिनिटं गाडीने होती. पायी म्हणजे चढ, बर्फाचा रस्ता आणि हातात स्की.

गुडाउरी चांगलंच आहे, आम्ही आमच्यासाठी ते चुकीचं निवडलं. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा निवड उलट्या टोकाकडून केली. खाली लिहिलेलं सगळं त्या दुसऱ्या वेळच्या वहीतून आहे.

१. वहीत माणसं लिहा, देश नंतर

एक पान घ्या. डावीकडे जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वर तीन वेळा : सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच. प्रत्येक चौकटीत तो माणूस त्या वेळेला काय करत असेल ते लिहायचं. "मजा" असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं. आमच्या पानावर भाऊजींच्या तिन्ही चौकटी दोन मिनिटांत भरल्या. मुलाला स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर), आठ वर्षांच्या मुलीला "स्की, पण मैत्रीण मिळाली तर", नवऱ्याला रेल्वे आणि कॅमेरा. जाऊबाईंना थंडी सहन होत नाही, पण गरम पाण्याचा तलाव आणि बाजार असला तर त्या आठवडा काढतात. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, शाकाहारी. त्यांच्या तिन्ही चौकटी रिकाम्या राहिल्या.

ज्याच्या चौकटी रिकाम्या, त्याच्यापासून ठिकाण शोधायला लागा. कारण स्की करणाऱ्याला, त्यातही शिकाऊ माणसाला, फार काही लागत नाही. पहिले तीन-चार दिवस तो शंभर मीटरच्या मऊ उतारावर, सरकत्या पट्ट्याच्या आसपासच असतो. त्या पट्ट्याला सगळीकडे मॅजिक कार्पेट म्हणतात. असा पट्टा जगातल्या जवळजवळ प्रत्येक रिसॉर्टमध्ये आहे. दोनशे किलोमीटर उतारांची जाहिरात पाहून जास्तीचे पैसे भरणारं नागपूरचं कुटुंब त्यातले दोन किलोमीटरही वापरत नाही. पण आजीबाईंना सपाट, मोकळा केलेला चालायचा रस्ता, उन्हातला बाक आणि खिडकीतून दिसणारं जिवंत गाव मोजक्याच ठिकाणी मिळतं.

आणखी एक गोष्ट वहीत लिहा : कोणाला खरंच शिकायचं आहे आणि कोणाला फक्त बर्फ पाहायचा आहे. फक्त बर्फ पाहणारे जास्त निघाले, तर स्की रिसॉर्टचा खर्च करूच नका. दोन दिवस बर्फाचे आणि बाकी शहर असा बेत करा.

२. सुट्टी कोणती?

आपल्याकडची सुट्टी आणि तिकडचा बर्फ यांचं फारसं जमत नाही. दिवाळीत उत्तर गोलार्धातली बहुतेक ठिकाणं बंद असतात. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि स्वित्झर्लंडचं झरमॅट हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालवतात, पण ते उंचावर, कडक बर्फावर आणि शिकाऊ माणसाच्या कामाचं नाही.

नाताळ ते नववर्ष हा सगळ्यात महाग आठवडा. शिवाय १२०० मीटरच्या खालच्या गावांत तेव्हा बर्फ पडलेलाच नसेल अशीही शक्यता असते; हॉटेलचे पैसे भरून हिरवं गवत पाहायचं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून भाव उतरतात आणि गर्दी ओसरते. दिवस लहान असतात आणि थंडी बोचरी, पण बर्फाची खात्री चांगली. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात आणि लिफ्टला रांगा लागतात. मार्चमध्ये ऊन छान, दिवस मोठा, पण आपल्या परीक्षा. एप्रिलच्या सुरुवातीला उंचावरची ठिकाणं चालू असतात. दुपारी बर्फ गोळ्यावाल्याच्या बर्फासारखा भुसभुशीत होतो, म्हणून सकाळी लवकर उतरायचं.

विदर्भातल्या माणसाकडे एक पत्ता जास्तीचा आहे. उन्हामुळे आपल्या बऱ्याच शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि न्यूझीलंडचा हंगाम जूनच्या मध्याला सुरू होतो. मात्र सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, आणि जुलैतल्या त्यांच्या शाळांच्या सुट्टीत गर्दी असते. नागपूरच्या भट्टीतून थेट त्या गारठ्यात उतरताना शरीर एक-दोन दिवस गोंधळतं.

आम्ही मुलांची एक आठवडा शाळा बुडवून जानेवारीचा उत्तरार्ध घेतला. शाळेने पत्र मागितलं, आम्ही दिलं.

३. झोपायची उंची

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, बहुधा २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याचा परिणाम जास्त असतो. म्हणून रिसॉर्टच्या शिखराची उंची पाहायची ती बर्फासाठी, आणि गावाची उंची पाहायची ती घरच्या मोठ्या माणसांसाठी.

एंगेलबर्ग आणि ग्रिंडेलवाल्ड ही स्विस गावं हजार मीटरच्या आसपास आहेत, वेंगेन १२७४, ऑस्ट्रियातलं झेफेल्ड १२००, झरमॅट १६०० च्या थोडं वर. गुडाउरीची बरीच हॉटेलं २००० ते २२०० च्या दरम्यान. जिना चढताना सासूबाईंना धाप लागायची ती तिथेच. न्यूझीलंडचं क्वीन्सटाऊन ज्या वाकाटिपू तळ्याच्या काठी वसलं आहे, ते तळं ३१० मीटरवर आहे. म्हणजे झोपायला अगदी नागपूरच.

रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. "थंड ठिकाणी जाऊन राहिलो" एवढंच सांगितलं तर डॉक्टर मफलर घ्या म्हणतील आणि विषय संपेल. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख खिंडीचं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. १९१२ पासून रेल्वे तिथवर जाते आणि बसल्या जागी नेते, म्हणून लोकांना ती उंची जाणवत नाही. वर पोचल्यावर जाणवते.

४. दुपारी एकची कसोटी

माझ्या मते निवडीची सगळ्यात कामाची पायरी हीच. प्रश्न सोपा आहे : दुपारी एक वाजता सातही जण, कोणी दमून न जाता, एका टेबलाशी जेवायला बसू शकतात का? नसतील तर तुम्ही सात जण एकत्र गेलेले नाहीत, एका विमानाने गेलेले आहात.

प्रत्येक रिसॉर्ट आपल्या उतारांचा नकाशा साइटवर देतं. तो उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, शिकाऊंचं मैदान कुठे आहे. गावातच असेल तर उत्तम. दमलेलं मूल बूट काढून दहा मिनिटांत खोलीवर पोचतं. ते डोंगराच्या मध्यावर असेल तर शिकाऊ माणसालाही रोज गोंडोलाचं, म्हणजे बंद डब्यांच्या रोप-वेचं, तिकीट लागतं, आणि परत येतानाही गोंडोलाच, कारण खाली उतरायची वाट त्याला झेपणारी नसते.

दुसरी, उतारांचे रंग. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्स आणि स्पेनमध्ये निळ्याच्या खाली हिरवाही असतो. जपानमध्ये सोप्याचा रंग हिरवा, मध्यमाचा लाल. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. म्हणजे एका देशातला निळा सगळ्यात सोपा, तर दुसऱ्या देशात मधला. व्हिडिओतल्या "निळा उतार आहे, घाबरू नका" वर जाऊ नका. गावाकडे परत येणारी वाट निळी आहे की लाल, हे बोट ठेवून तपासा. लाल असेल तर संध्याकाळी शिकाऊ मंडळी लिफ्टनेच खाली येणार, आणि त्या लिफ्टची शेवटची वेळ चुकली तर पंचाईत.

तिसरी, पायी माणूस वर जाऊ शकतो का. गोंडोला आणि रेल्वे बहुधा पायी प्रवाशांना नेतात आणि आणतात, त्यांचं तिकीटही वेगळं असतं. उघड्या खुर्च्यांची लिफ्ट अनेक ठिकाणी फक्त स्कीवाल्यांसाठी असते. आणि आजीबाईंना चालत्या खुर्चीवर झटकन बसवण्याची कल्पना करून पाहा, मग पुढचं बोलू.

दुसऱ्या वेळी आम्ही वेंगेन घेतलं ते याच कसोटीवर. गावात मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची रेल्वेच वर येते. शिकाऊंचं मैदान गावाच्या मधोमध. रेल्वे पुढे २०६१ मीटरवरच्या क्लाइनं शाइडेगला जाते, तिथे आयगर शिखराच्या भिंतीसमोर बाकं टाकलेली. सासूबाई माझ्या नवऱ्यासोबत बाराच्या गाडीने वर यायच्या, उन्हातला बाक धरायच्या, मांडीवर शाल, हातात चहाचा कागदी पेला. आमची मुलगी तिसऱ्या दिवशी शिक्षिकेच्या मागे बदकाच्या पिल्लांसारखी रांगेत घसरत आली, तेव्हा त्या बाकावरून अर्धवट उठून ओरडल्या, "अगं हळू, अगं हळू!" आजूबाजूच्या कोणाला मराठी कळलं नाही, पण दोघं-तिघं हळू झाले.

५. ठिकाणं : कोणाला काय जमेल

कझाकस्तानातलं अल्माटी मी पहिल्या खेपेला जाणाऱ्यांना आवर्जून सुचवते. शिंबुलाक हे रिसॉर्ट शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. मेदेउच्या प्रसिद्ध उंचावरच्या आइस स्केटिंग रिंकपासून गोंडोला वर जातो. पायथा २२६० मीटर, पण झोपायचं खाली शहरात. म्हणजे आजी-आजोबांना शहराचं हॉटेल, बाजार, कोक-तोबे टेकडीचा रोप-वे. स्कीवाल्यांना सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुपारी एकच्या कसोटीत ते काठावर पास होतं, कारण वर यायचं तर प्रत्येकाला गाडी आणि गोंडोला लागतो. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सगळ्यात मोठी सोय. मांसाहाराचं राज्य आहे, शाकाहारींनी आधी चौकशी करावी.

गुडाउरी तिबिलिसीपासून साधारण १२० किलोमीटर. रुंद, मोकळे उतार, भाव आवाक्यातले. वाटेत अनानुरीचा किल्ला लागतो, हवा साफ असली तर पुढे काझबेगीपर्यंत जाता येतं. जवान मंडळी आणि मध्यम स्की येणाऱ्यांना छान. पण रिसॉर्टच्या गावात हॉटेलं आणि भाड्याने सामान देणारी दुकानं सोडून फिरायला फार काही नाही. न खेळणारे दोनपेक्षा जास्त असतील तर त्यांना तिबिलिसीत ठेवून तीन दिवसांपुरतं वर जा. जेवणाची चिंता मात्र इथे कमी : खाचापुरी म्हणजे चीजची भरलेली रोटी, लोबिओ म्हणजे राजम्यासारखी उसळ, आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. आमच्या जाऊबाईंनी ती वांगी चार दिवस खाल्ली आणि घरी येऊन करूनही पाहिली.

स्वित्झर्लंड महाग आहे, हे आधीच मान्य करून बसा. मोठ्या ठिकाणी एका मोठ्या माणसाचा दिवसाचा लिफ्ट पास साधारण ७० ते ९० फ्रँकच्या घरात जातो. पण मिश्र आवडीच्या कुटुंबाला तिथली रेल्वे जे देते ते दुसरीकडे मिळत नाही. आई-वडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर फॅमिली कार्डावर सोळा वर्षांच्या आतली मुलं फुकट फिरतात. स्की नको असलेल्याने सकाळी गाडीत बसावं, तळी-गावं बघावीत, संध्याकाळी परतावं. वेंगेनबद्दल वर लिहिलंच आहे. फक्त जानेवारीच्या मध्यात तिथे लाउबरहॉर्नची विश्वचषक शर्यत असते, तो आठवडा टाळा. ग्रिंडेलवाल्डमध्ये फॉलहॉर्नहून सुटणारी १५ किलोमीटरची स्लेजची वाट आहे. तिथे सुरुवातीला वर चालत जावं लागतं, हे लोक सांगत नाहीत. एंगेलबर्गहून टिटलिसचा फिरता केबल कार आणि ट्रुब्झेवरचं टायरवरून घसरायचं मैदान मुलांना आवडतं, आणि ल्युसर्न रेल्वेने पाऊण तासावर. मात्र टिटलिसच्या माथ्यावरचे उतार शिकाऊंचे नाहीत.

ऑस्ट्रिया मला खिशाच्या आणि सोयीच्या मध्ये बसणारं वाटतं. ज्यांना स्कीपेक्षा चालायचं आहे त्यांच्यासाठी झेफेल्ड. सपाट पठार, मोकळे केलेले रस्ते, आणि सपाटीवरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी नावाजलेलं. १९६४ आणि १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमधल्या त्या शर्यती इथेच झाल्या होत्या. इन्सब्रुक रेल्वेने जवळ. लहान मुलं जास्त असतील तर सेरफाउस बघा. त्या चिमुकल्या गावाला स्वतःची भुयारी रेल्वे आहे, आणि मुलांना उतारापेक्षा तीच जास्त आवडली तर नवल नको.

जपानचा बर्फ मऊ आणि भरपूर, पडलं तरी लागत नाही. गाला युझावाला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट स्की सेंटरच्या स्टेशनात शिरते, टोकियोहून सव्वा तासाच्या आसपास. कपड्यांसह सगळं भाड्याने मिळतं. टोकियो बघायला गेलेल्यांनी एक दिवस स्की करून पाहायला याहून सोपं काही नाही. जास्त दिवस असतील तर १९९८ च्या ऑलिंपिकमधलं हाकुबा, किंवा नोझावा ओनसेन. नोझावात गावकऱ्यांची तेरा गरम पाण्याची सार्वजनिक स्नानगृहं आहेत, जाऊबाईंचा प्रश्न तिथे एका दमात सुटतो. फक्त त्यात कपड्यांशिवाय उतरायचं असतं, हे घरी आधी सांगा. शाकाहारींसाठी जपान सगळ्यात अवघड. भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो आणि त्यांच्या हिशेबात तो मांसाहार नाही.

क्वीन्सटाऊनमध्ये उलटी व्यवस्था आहे : राहायचं गावात, कोरोनेट पीक किंवा रिमार्केबल्स या स्कीच्या डोंगरांवर रोज बसने जायचं. गावात तळं, बोटी, खाणं, दुकानं भरपूर, म्हणून न खेळणारे खूश. विमानप्रवास मात्र लांबलचक.

६. खाणं आणि सामानातलं खाणं

जिथे शाकाहारी माणूस आहे तिथे हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. दिवसभर बर्फात राहून आल्यावर वरण-भात जो लागतो, तो लिहून सांगता येत नाही. आम्ही जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि खिचडीचं सामान नेलं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पनीर, खव्याची मिठाई घरीच ठेवा. न्यूझीलंडला तर प्रत्येक खाण्याची वस्तू कागदावर लिहून द्यावी लागते. लपवलेलं सापडलं की ४०० डॉलरचा दंड जागेवर.

७. विमान, व्हिसा, विमा

सोनेगाववरून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमानं मोजकीच, शारजा आणि दोहा ही दोन नावं लक्षात ठेवा. शारजामार्गे तिबिलिसी आणि अल्माटी, दोहामार्गे त्यांच्यासह झुरिक असं एकाच तिकिटावर जमवता येतं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते आधी बघा. मुंबई किंवा दिल्लीहून वेगळं तिकीट काढलं तर स्वस्त दिसतं, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात जोडविमान चुकलं की त्याचं नुकसान तुमच्याच गळ्यात. दिल्लीमार्गे जाणार असाल तर मध्ये एक रात्र ठेवा.

स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. इथेच खरी मेख आहे : व्हिसासाठी चालणारा साधा प्रवासी विमा स्कीइंगचा अपघात बहुधा धरतच नाही. "विंटर स्पोर्ट्स" हे कलम पॉलिसीत लिहिलेलं असलं पाहिजे, त्यात डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च आहे का ते वाचा, आणि आखलेल्या उताराबाहेर गेलं तर संरक्षण उरतं का तेही. इटलीला जाणार असाल तर २०२२ पासून दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई करणारा विमा उतारावर सक्तीचा आहे.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर, लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो, पण तेवढी रोकड आधी हातात हवी. बजेट करताना हा आकडा हमखास विसरतो.

८. नागपुरातली तयारी

आपलं शहर सपाट. सेमिनरी हिल्सचा उतार हाच आपला हिमालय. पण स्कीला लागतात मांड्या, आणि त्या जिन्यावर तयार होतात. सहा आठवडे आधीपासून रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या दर रविवारी, आणि घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं एक-एक मिनिट. रोलर स्केटिंग येणारी मुलं बर्फावर लवकर उभी राहतात, हे आमच्या मुलीच्या बाबतीत दिसलं.

शंका असेल तर आधी चाचणी घ्या. गुलमर्ग किंवा औली झालं तर फारच छान. शारजामार्गे जाणारच असाल तर शेजारच्या दुबईत एक दिवस थांबा. मॉलमधलं स्की दुबई २००५ पासून चालू आहे, आत शून्याखाली तापमान आणि ४०० मीटरपर्यंतचा उतार. तिथे दोन तासांत कळतं की घरातलं कोण पुन्हा बूट घालेल आणि कोण तिथले पेंग्विन बघायला जाईल.

कपड्यांवर पैसे उधळू नका. आतले थर्मल सीताबर्डीवर मिळतात, लोकरीच्या टोप्या हिवाळ्यातल्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे. बाहेरचं जॅकेट-पॅन्ट तिकडे भाड्याने. दोन गोष्टी मात्र चांगल्या घ्या : पाणी आत न शिरणारे हातमोजे आणि गॉगल. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. पहिल्या वेळी मुलाच्या हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी कातडी सोलली होती, कारण सनस्क्रीन आम्ही फक्त वरून लावलं होतं.

९. बुकिंगचा क्रम

आधी स्की स्कूल, मग खोली, मग विमान. लोक उलटं करतात. युरोपात मुलांचे गट-वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन पाच दिवस चालतात. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून बुधवारी पोचलात तर मधल्या वर्गात घेत नाहीत आणि खासगी शिक्षकाचे पैसे पडतात. वर्ग सोमवारचा असेल तर शनिवारी पोचा, रविवारी बूट घ्या, झोप पुरी करा. इंग्रजी बोलणारा शिक्षक लेखी मागा. वय तीन-चारपासून स्कीचे वर्ग असतात, स्नोबोर्ड त्यापेक्षा उशिरा. स्नोबोर्ड शिकणाऱ्याला मनगटाचे गार्ड घ्या, नवशिके हातावरच पडतात. आमच्या मुलाने "ते लहान पोरं घालतात" म्हणून पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधत होता.

शिकाऊंसाठी पूर्ण डोंगराचा आठवड्याचा पास घेऊ नका. बहुतेक ठिकाणी शिकाऊंच्या लिफ्टचं वेगळं स्वस्त तिकीट असतं, काही ठिकाणी ती फुकटही असते. तिसऱ्या दिवशी शिक्षक सांगतील तेव्हा पुढचा पास घ्या.

बूट घेताना घाई करू नका, तिथे अर्धा तास द्या. मोजे एकच जोडी, दोन घातले की पाय जास्त गारठतात आणि खुपतात. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती मागे सरली पाहिजेत, आणि टाच उचलली जाता कामा नये. शूज घेतो तसे "थोडे ढिले द्या" म्हणाल तर दिवसभर पाय आत घसरत राहील. पडल्यावर बूट स्कीमधून सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळतो. तो किती जोरावर सुटावा हे दुकानदार तुमचं वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून बसवतो. म्हणून फॉर्मवर वजन खरं लिहा. माझ्या नवऱ्याने ८६ च्या जागी ७६ लिहिलं होतं. काउंटरपलीकडच्या मुलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलायच्या आत आमची धाकटी म्हणाली, "बाबा, ते दिवाळीच्या आधीचं पण नाही आहे."